हरिणीला गोळी लागली, पण शंभर पावलांवर माग तुटला

मॅडिसनकर:
विस्कॉन्सिनमधला माझा हा दुसराच गन सीझन, म्हणजे बंदुकीने हरणं मारायचा हंगाम. काल संध्याकाळी मचाणावरून साठ यार्डांवरच्या हरिणीवर .३०८ रायफल झाडली. गोळी १५० ग्रेन वजनाची, लगेच फुटणारी. फऱ्याच्या (खांद्याच्या) वरच्या अंगाला लागली. मी लागलीच खाली उतरलो. शंभर पावलं रक्त दिसलं, पुढे काहीच नाही. अंधारात दोन तास धुंडाळलं. माझ्यामुळे जनावर कुठेतरी तडफडत असेल, या विचाराने रात्रभर डोळा लागला नाही. नेम चुकला की गोळीची निवड?

ओक्लेअरची ताई:
आधी रक्ताचा रंग आठवा. गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट लाल असेल तर यकृत, तीन-चार तास थांबायचं. हिरवट घाण आणि वास असेल तर पोट. मग रात्रभर तिकडे फिरकायचंच नाही. फुप्फुसाला लागलेलं जनावरसुद्धा अर्धा तास सोडावं. पाठीवर माणूस आला की ते उरलीसुरली ताकद लावून पळतं.

माग तुटला, कारण उंचावरून शिरलेली गोळी आतच फुटली असणार. खाली भोक नसेल तर रक्त छातीतच साठतं, हंडा काठोकाठ भरल्याशिवाय सांडत नाही तसं. मी सतरा सीझन शिकार करतेय. आता १६५ ग्रेनची बॉन्डेड, म्हणजे आतलं शिसं बाहेरच्या आवरणाला पक्कं जोडलेली गोळी वापरते, ती बहुधा आरपार जाते. मचाणावरून नेम धरताना ती पलीकडे कुठून बाहेर पडेल, ते आधी डोळ्यांसमोर आणते.

आत्ता निघा. शेवटच्या थेंबापाशी खूण म्हणून टिश्यू पेपर अडकवा. ओकच्या पानांवर एरवीही तांबडे ठिपके असतात. ओला टिश्यू दाबा, रक्त असेल तर गुलाबी डाग उतरतो. नुसती जमीन बघू नका, मांडीइतक्या उंचीच्या काड्याही बघा. अंग घासून रक्त तिथे लागतं.

डुलुथवाला:
घरात लहान मुलं हेच मांस खातात, म्हणून मी शिसं सोडून तांब्याची गोळी घेतली. तुकडे न होता फुलते. नाहीच सापडली हरीण, तर माग काढणारा कुत्रा बोलवा. पट्ट्याला बांधलेला असेल तर तुमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये चालतो.

मॅडिसनकर:
ताई, सापडली! रक्त गुलाबीच होतं. शेवटच्या टिश्यूपासून चाळीस पावलांवर, आडव्या पडलेल्या ओंडक्याआड. काल मी त्याच्या शेजारून दोनदा गेलो होतो. बाहेर पडायचं भोक नव्हतं. पलीकडच्या कातडीखाली गोळीचा चपटा तुकडा बोटाला लागला. छाती रक्ताने भरलेली. रात्री पारा शून्याखाली होता, म्हणून मांस वाचलं.