बाह्य कॉन्फिगरेशन फाइल सर्व्हिसमध्ये का सापडत नाही

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या जारच्या (प्रोग्रॅमची एकत्र बांधलेली फाइल) शेजारी ठेवलेली कॉन्फिगरेशन फाइल प्रोग्रॅम टर्मिनलवरून सुरू केल्यास वाचली जाते, परंतु सर्व्हिस म्हणून सुरू केल्यावर वाचली जात नाही, असा मूळ प्रश्न आहे. फाइलच्या परवानग्या तपासाव्यात, असे एका उत्तरात सुचवले आहे; त्या तपासाव्यातच, पण माझ्या मते खरा दोष चालू डिरेक्टरीचा, म्हणजे प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालतो त्याचा असावा. स्प्रिंग बूट जारच्या शेजारी नव्हे, तर प्रोसेसच्या चालू डिरेक्टरीत आणि तिच्यातील ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये फाइल शोधते. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी प्रणाली) सर्व्हिसमध्ये ‘वर्किंग डिरेक्टरी’ दिलेली नसेल, तर ती डिरेक्टरी थेट रूट, म्हणजे सर्वांत वरचे ‘/’ फोल्डर असते. नागपुरात मिहानमधील एका कामावर आमचे दोन दिवस याच कारणामुळे गेले होते, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे.

कॉन्फिगरेशन फाइलचा पूर्ण पाथ देणे हाच भरवशाचा मार्ग आहे. मात्र त्यासाठी ‘स्प्रिंग.कॉन्फिग.लोकेशन’ हा पर्याय दिल्यास शोधाच्या मूळ जागा रद्द होतात आणि जारमधील सेटिंगही वाचली जात नाहीत. ती कायम ठेवून काही मूल्येच बदलायची असतील, तर ‘स्प्रिंग.कॉन्फिग.अ‍ॅडिशनल-लोकेशन’ वापरावे. फोल्डरचा पाथ देताना शेवटची तिरकी रेघ विसरू नये.

हे पर्याय जावाच्या कमांडमध्ये ‘-डी’ लावून देत असाल, तर ते ‘-जार’च्या आधी लिहावेत, जारच्या नावानंतर लिहिल्यास जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारे व्हर्च्युअल मशीन) ते स्वतःसाठी न घेता प्रोग्रॅमला साधे अर्ग्युमेंट म्हणून देते आणि कोणतीही चूक दाखवत नाही. प्रोग्रॅम टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालत असल्यास हेच पर्याय ‘बिन’मधील ‘सेटएन्व्ह.एसएच’मध्ये ठेवावेत.