कॅनडाचं द्विभाषिक विद्यापीठ आम्हाला नका दाखवू

पंचवटीकर
काल नाशिकच्या एका ग्रुपवर पोस्ट फिरत होती, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. म्हणणं असं : पुणे विद्यापीठाच्या मागे फरफटणं पुरे झालं, नाशिकला स्वतःचं विद्यापीठ हवं, आणि ते कॅनडाच्या धर्तीवर द्विभाषिक हवं. तिकडे म्हणे सरकारी विद्यापीठात विद्यार्थी इंग्रजी किंवा फ्रेंच, वाटेल त्या भाषेत पेपर लिहितो आणि दोन्ही भाषा गुण्यागोविंदाने नांदतात. खाली हात जोडलेल्यांची रांग.

पहिल्या अर्ध्या मागणीला माझाही हात वर. दुसरी अर्धी वाचून मात्र डोकं फिरलं.

ओटावा विद्यापीठ द्विभाषिक आहे, कबूल. ओंटारिओ प्रांताच्या १९६५ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. पण त्याच प्रांतातल्या सडबरी गावचं लॉरेन्शियन विद्यापीठही द्विभाषिकच होतं, त्याचं काय झालं ते पोस्टवाल्याने का नाही सांगितलं? कंपनी बुडायला आली की देणेकऱ्यांपासून आडोसा मागायला कोर्टात जातात, त्या कायद्याखाली २०२१ च्या फेब्रुवारीत हे सरकारी विद्यापीठ गेलं. एप्रिलमध्ये ६९ अभ्यासक्रम बंद. त्यातले २८ फ्रेंच. फ्रेंचमधून शिकणारे तिथे आधीच थोडे, आणि कुऱ्हाड पडली ती त्यांच्यावर एवढी.

आणि द्विभाषिक म्हणजे काय ते बघायला कॅनडाला कशाला जाता? आपल्याकडची बी.ए., बी.कॉम.ची जुनी प्रश्नपत्रिका काढा. प्रश्न मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. आणि बारीक अक्षरात टीप : 'संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पहावी.' पोरगं वर्षभर मराठीत शिकलं, मराठीतच लिहिणार, पण प्रश्नच चुकीचा छापला असेल तर खरी कोण? इंग्रजी. हे आपलं गुण्यागोविंद.

दोन भाषा एका तिजोरीवर ठेवल्या की तिजोरी आटल्यावर दुबळी आधी बाहेर जाते. मराठीतून उच्च शिक्षण द्यायचं असेल तर वेगळं विद्यापीठ द्या. वेगळं बजेट, वेगळे कुलगुरू, वेगळी भरती. रिद्धपूरचं नाव सांगू नका, ते मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. मी मराठीतून फिजिक्स, कायदा आणि अकाउंट्स म्हणतोय.

सातपूर_एमआयडीसी
साहेब, सडबरी-बिडबरी राहू द्या. मी सातपूरला प्रेस शॉपमध्ये आहे, पत्र्याचे पार्ट दाबून काढतात तिथे, तिथलं सांगतो. आमच्याकडे डिप्लोमाची दोन पोरं एकाच बॅचला लागली. एक निफाडकडचा. पार्टच्या कडेवर नुसतं नख फिरवायचा आणि सांगायचा, बर्र (कडेला धारदार कंगोरा) आलाय, डाय म्हणजे साचा ग्राइंडिंगला काढा. गेज लावायच्या आधी. दुसऱ्याला पंच कुठला आणि डाय कुठली हे तीन महिने सांगावं लागलं. परदेशी कस्टमरचं ऑडिट आलं. त्याने निफाडवाल्याला विचारलं, हा रिजेक्शन कसा कमी केलात? पोरगं उभं राहिलं, घामाघूम. दुसरा फाडफाड बोलला, त्यातलं अर्धं चुकीचं. लाइन इन्चार्ज कोण झाला ते सांगायला नको.

तुम्ही मराठीचं वेगळं विद्यापीठ काढा नि असे आणखी हजार निफाडवाले तयार करा. भोगायचं त्यांनी, अभिमान तुमचा.

पंचवटीकर
तुमच्याच गोष्टीतून काय निघतं बघा. काम येणारा मागे राहिला आणि न येणारा पुढे गेला. यात पोराचं शिक्षण चुकलं की तुमच्या कंपनीची बढतीची पद्धत? चार वाक्यं सांगायला मॅनेजर शेजारी उभा होता ना? त्याच्या तोंडाला काय झालं होतं?

सातपूर_एमआयडीसी
मॅनेजर मीच होतो. आणि कस्टमरसमोर ऑपरेटरच्या मध्ये तोंड घालायचं नसतं, हे ऑडिट दिलेल्या माणसाला कळतं. बाकीच्यांनी पंचवटीत बसून धोरणं ठरवावीत.

मिसिसॉगा_मूळ_नाशिकरोड
इथे कॅनडात पंधरा-वीस वर्षं राहतोय म्हणून बोलतो. पोस्टवालाही अर्धवट आणि पंचवटीकरही सोयीपुरतेच.

एक. कॅनडात शिक्षण प्रांतांच्या हातात आहे. देश द्विभाषिक, पण कायद्याने द्विभाषिक असलेला प्रांत एकच, न्यू ब्रन्सविक. आणि गंमत म्हणजे तिथे सरकारी विद्यापीठं वेगवेगळी आहेत. माँक्टनचं फ्रेंच, १९६३ पासून. हा मुद्दा पंचवटीकरांच्या बाजूचा, फुकट देतो.

दोन. वेगळं काढलं की भाषा तरते, हेही खरं नाही. टोरांटोत निव्वळ फ्रेंच विद्यापीठ काढलं. २०१८ मध्ये प्रांत सरकारने ते गुंडाळलं, ओरड झाल्यावर परत आणलं, २०२१ ला सुरू झालं. पहिल्या वर्षी अर्ज मूठभर. प्राध्यापक आहेत, इमारत आहे, पोरं कुठून आणायची?

तीन, आणि हे कुणी बोलत नाही. माँट्रियलमध्ये फ्रेंच टिकली ती विद्यापीठांमुळे नव्हे. १९६९ साली दहाएक हजार लोकांनी मॅकगिलवर मोर्चा नेला, विद्यापीठ फ्रेंच करा म्हणून. मॅकगिल आजही इंग्रजीच आहे. पण १९७७ ला माँट्रियलच्या क्युबेक प्रांताने कायदा १०१ आणला. दुकानाची पाटी, कंपनीचा कारभार, कामगारांना दिलेल्या सूचना, सगळं फ्रेंचमध्ये. स्थलांतरितांच्या पोरांना शाळाही फ्रेंचच, कायद्याने. पगार फ्रेंचमधून मिळायला लागला तेव्हा भाषा टिकली. तुम्ही सातपूर-अंबडचा कारभार मराठीत आणा, विद्यापीठ आपोआप मागे येईल. उलट्या दिशेने गाडी ढकलू नका.

पंचवटीकर
चला, परदेशातून का होईना एक मुद्दा फुकट मिळाला, आभारी आहे. पण क्युबेकची दुसरी बाजूही लिहा की. २०२३ मध्ये त्यांनी इंग्रजी विद्यापीठांत बाहेरच्या प्रांतातून येणाऱ्यांची फी नऊ हजार डॉलरवरून थेट सतराला न्यायची घोषणा केली, मग बारावर आले.

मिसिसॉगा_मूळ_नाशिकरोड
आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने ती वाढ अवाजवी म्हणून रद्द केली, हे तुम्ही गाळलंत. शिवाय ज्या मॅकगिलच्या नावाने बोटं मोडतात तिथे विद्यार्थ्याला लेखी काम फ्रेंचमध्ये द्यायचा हक्क आहे. इंग्रजी विद्यापीठात! तुमच्या टीपेपेक्षा बरं ना?

कॉलेजरोड_मॅडम
मी शिकवते, म्हणून लिहिते. माझ्या वर्गात साठ टक्के मुलं मराठीत उत्तरं लिहितात आणि लेक्चर मला 'मिक्स' घ्यावं लागतं. म्हणजे व्याख्या इंग्रजीत, समजावणं मराठीत, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या हातात तेच गाईड. ते गाईड इंग्रजी पुस्तकाचं घाईत केलेलं मराठी असतं. पुस्तक म्हणून मराठीत वाचावं असं हाती काहीच नाही.

कुणी म्हणेल मराठीत होऊच शकत नाही, तर गंगापूर धरणाकडे गोवर्धनला जाऊन या. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीत पाठ्यपुस्तकं काढतंय. शेती, वाणिज्य, शिक्षणशास्त्र. रेग्युलर कॉलेजातली माझी मुलं ती पुस्तकं चोरून वाचतात आणि वर म्हणतात, 'मुक्तचं आहे ना मॅडम, चालेल का?' प्रतिष्ठेचा प्रश्न आहे हो. पुस्तकाचा नाहीच.

देवळाली_कॅम्प
पंचवटीकर, एक सरळ प्रश्न. तुमची मुलं कुठल्या माध्यमात?

पंचवटीकर
येणारच होता हा प्रश्न. इंग्रजी. कारण बारावीपर्यंत मराठीत चढवायचं आणि गच्चीच्या तोंडाशी शिडी काढून घ्यायची, हा खेळ मी स्वतः खेळलोय. पोरांना त्यात नाही ढकलणार. शिडी लावा, मग विचारा.

देवळाली_कॅम्प
म्हणजे विद्यापीठ दुसऱ्यांच्या पोरांसाठी. कळलं.

बागलाणी
काय सांगी ऱ्हायना भाऊ! मगापासून वाचतोय. द्विभाषिक, द्विभाषिक. सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतात की नाही? आमची घरातली भाषा अहिराणी. मराठी आम्हाला शाळेत भेटली. चौथीत होतो, गुरुजींना 'मना डबा घर ऱ्हायना' म्हणालो तर दिवसभर बाकावर उभं. सगळा वर्ग हसला. आता तुम्ही मराठीवर अन्याय म्हणून रडताय तेव्हा मला तो बाक आठवतो.

२०११ च्या जनगणनेत खानदेशी, आमची अहिराणी धरून, वेगळी मोजलीय, १८ लाखांच्या वर माणसं. संस्कृत मातृभाषा सांगणारे अख्ख्या देशात २४,८२१. संस्कृतला रामटेकला विद्यापीठ आहे. आमच्यासाठी साधा पेपर नाही.

पंचवटीकर
भाऊ, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे पण तो वेगळा विषय. आधी मराठीचं तर होऊ द्या.

बागलाणी
हेच. अगदी हेच वाक्य इंग्रजीवाले तुम्हाला सांगतात. 'आधी इंग्रजीचं होऊ द्या.' तुम्ही आम्हाला तेच ऐकवा.

देवळाली_कॅम्प
अहो पण खानदेशला जळगावला विद्यापीठ आहे ना. बहिणाबाईंचंच नाव दिलंय २०१८ ला. अहिराणीचा एवढा मोठा मान.

भुसावळवाला
थांबा. बहिणाबाई अहिराणी नव्हेत. लेवा बोली. जळगाव-यावलकडची. दरवेळी हे अहिराणीवाले त्यांना आपल्या खात्यात जमा करतात आणि पेपरवाले तसंच छापतात.

बागलाणी
मी नाव घेतलंय का बहिणाबाईंचं? देवळालीवाल्याने घेतलं. त्याला बोला. आणि ते विद्यापीठ जळगाव, धुळे, नंदुरबारचं. सटाण्याचं पोरगं पुण्याच्याच विद्यापीठाला. तिथे अहिराणी शब्द काढला तर म्हणतात, छान गोड बोली आहे हो, एक ओवी म्हणून दाखवा.

भुसावळवाला
घेतलं नाही पण खोडलंही नाही. मूकसंमती.

कॉलेजरोड_मॅडम
इथेही बोलीवरून भांडण?

बागलाणी
आता खोडतो. लेवा तुमची. खूश? तुमच्याकडे सांगायला तेवढंच उरलंय म्हणून भांडता ना? खानदेशचं विद्यापीठ १९९० पासून आहे, तिथे लेवात तरी काय चाललंय? फिजिक्स? नावाची पाटी तुमची, कारभार दुसऱ्यांचा. बसा कुरवाळत.

भुसावळवाला
भाषा सांभाळून. पाटी तरी आहे आमची.

मालेगाव_मोसमपूल
उर्दूवाला बोलू का? आमच्याकडे बारावीपर्यंत उर्दूत शिकायची सोय आहे. पुढे इंग्रजी. पंचवटीकरांची शिडी आम्हालाही माहीत आहे. पण एक गोष्ट मराठीवाल्यांना आठवत नाही, म्हणून लिहितो. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, उर्दू माध्यमाचं. मेडिकल आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूत. पुस्तकं नव्हती तर निजामाने भाषांतराचं खातंच उघडलं आणि पगारी माणसं बसवली. मराठवाड्यातली किती मराठी घरातली मुलं त्यात शिकली. वकील झाली, मुन्सफ झाली. म्हणजे भारतीय भाषेत होत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

मिसिसॉगा_मूळ_नाशिकरोड
आणि मराठवाड्यातल्या त्या मराठी मुलांना उर्दू हवी होती का, हे कोण विचारणार? निजाम गेल्यावर तिथे इंग्रजी आली. माझा मुद्दा तोच, सत्ता आणि पगार.

मालेगाव_मोसमपूल
हवी होती असं मी म्हटलं नाही. होऊ शकतं एवढंच म्हटलं. तुम्ही वाचता कमी, उत्तर जास्त देता.

सिव्हिलचा_डॉक्टर
घाईत आहे. एमबीबीएस इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत, समोर सुरगाण्याची आजी कोकणा ही आदिवासी बोली बोलतेय. 'पोटात दुखतं का' विचारलं तर मान हलवते, आणि ती हो म्हणतेय की प्रश्न कळला नाही म्हणतेय, ते नातवाला विचारावं लागतं. आरोग्य विद्यापीठ म्हसरूळला, आजी तिथून दोन तासांवर. मध्य प्रदेशने २०२२ ला हिंदीत मेडिकलची पुस्तकं काढली. पुस्तक मराठीत आलं तरी या आजीचं काही होत नाही. इंटर्नला महिनाभर कोकणा शिकवा, मोकळे व्हा.

बागलाणी
बघा, डॉक्टरला कळलं.

सातपूर_एमआयडीसी
डॉक्टरांचं पटलं. बोलायची भाषा शिकवा. म्हणूनच मी म्हणत होतो, निफाडवाल्याला बोलायचं इंग्रजी शिकवा, बाकी मराठीतच राहू द्या. हे मी पहिल्यापासूनच म्हणतोय.

पंचवटीकर
पहिल्यापासून तुम्ही 'भोगायचं त्यांनी' म्हणत होतात, वर जाऊन वाचा. पण बरं, मराठीत राहू द्या इथपर्यंत आलात, तेवढं नोंदवून ठेवतो. माझी मागणी आता अशी : वेगळं विद्यापीठ, माध्यम मराठी, इंग्रजी बोलायला सक्तीची, आणि पहिल्या वर्षाला अहिराणी, कोकणा किंवा उर्दूचा एक पेपर ऐच्छिक.

बागलाणी
ऐच्छिक!

मालेगाव_मोसमपूल
ऐच्छिक म्हणजे वर्ग भरायला दहा मुलं लागतात, नऊ भरली की बंद. आम्हाला माहीत आहे.

कॉलेजरोड_मॅडम
आणि शिकवायला तासिका तत्त्वावर कुणीतरी. तेही माहीत आहे.

मिसिसॉगा_मूळ_नाशिकरोड
कशाला भांडताय. विद्यापीठ मंजूर झालं तरी ते शिवनईला की मालेगावला, यातच पुढच्या दोन निवडणुका जातील.

बागलाणी
सटाण्याला.

भुसावळवाला
सटाण्याला रेल्वे तरी आहे का?