लातूरच्या उन्हात टिकेल असं पिकलबॉल पॅडल कोणतं?

प्रश्न: सिमेंटच्या कोर्टावर आठवड्यातून ४ दिवस खेळतो. पॅडलच्या (म्हणजे बॅटच्या) आतल्या गाभ्याची जाडी १३ मिमी घ्यावी की १६?

उत्तर: १६ मिमीच घ्या. जाड गाभ्यात चेंडूचा जोर जिरतो, नेटजवळचा हलका फटका ताब्यात राहतो. १३ मध्ये वेग मिळतो, पण चेंडू कडेला लागला की पॅडल हातात वळतं. वजन २२० ते २३५ ग्रॅम. कार्बनचा खरखरीत पृष्ठभाग फिरकीला उत्तम. झिजतो मात्र नक्की.

उत्तर: दादा, एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिक्कीत अजिबात ठेवू नका! उष्णतेनं चिकटवण सुटतं, वरचा थर गाभ्यापासून वेगळा होतो. टिचक्या मारून बघा. एखाद्या जागी आवाज बद्द आला, तर तिथं बिघडलंय.

उत्तर: सिमेंटवर आधी कड जाते. वरच्या कडेला टेप लावा. त्याचे काही ग्रॅम धरूनच वजन निवडा.