सात वर्षं व्हॅनमध्ये काढली, आता पुढे काय?

चाकावरची

परवा गाडी लिफ्टवर चढवली. मिस्त्रीने दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. म्हणाला, "वेल्डिंग होईल, पण उघडल्यावर आत किती निघेल ते आत्ता सांगत नाही." हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. उलट सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचाच धक्का बसला.

वय ५१, एकटी. ७ वर्षं पूर्णवेळ उंच छताच्या व्हॅनमध्ये. आतली जागा साडेसहा चौरस मीटर, म्हणजे ७० चौरस फूट. काम लॅपटॉपवर. आतलं सगळं सुतारकाम स्वतः केलंय, कुठला स्क्रू कुठे आहे ते अंधारात सांगेन.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे वाद घालायला सोपं: थांबावं. गंजामुळे नाही, गंज निघतो. थंडीमुळेही नाही. मला नकोसा झालाय तो रोज दुपारी चारच्या सुमारास डोक्यात सुरू होणारा प्रश्न: आज रात्री कुठे? सपाट जागा हवी, आवाज नको, मोबाइलला रेंज हवी, रात्री कोणी दार ठोठावायला नको, गाडीचं तोंड रस्त्याकडे हवं. हे कोडं मी अडीच हजारांहून जास्त वेळा सोडवलंय. पहिली दोन वर्षं मी त्यालाच स्वातंत्र्य म्हणायचे. आता ती बिनरजेची नोकरी झालीय.

घर हवंय का, ते मलाही माहीत नाही. पण "सोडू नका" म्हणणाऱ्यांनी चार वाजताच्या प्रश्नाचं काय करायचं तेही सांगावं.

भटका कोल्हा

साफ असहमत. तुम्ही दमलाय, विटलेल्या नाही. दमल्यावर झोपायचं असतं, घर घ्यायचं नसतं.

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३चा एक प्रयोग आहे. लोकांना १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. तिसऱ्यांदा कुठलं हवं असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रासच निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. सांगायचा मुद्दा, आपण अख्खा अनुभव मोजत नाही, त्याचा शेवट मोजतो. तुमचा शेवटचा हिवाळा वाईट गेला असणार आणि त्यावरून तुम्ही सात वर्षांचा निकाल लावताय. महिनाभर एका जागी भाड्याने गाडी लावा, चार वाजताचा प्रश्न आपोआप मिटेल. मग ठरवा.

चाकावरची

प्रयोग छान आहे, पण तो तुमच्यावरच उलटतो. शेवटावरच आठवण ठरत असेल तर मी आत्ताच, चालू उन्हाळ्यात थांबायला हवं ना, पुढचा वाईट हिवाळा लागायच्या आत!

आणि महिनाभर गाडी लावून पाहिलीय. दोनदा. तिसऱ्या आठवड्यात असं वाटायला लागतं की आपण घराचं सगळं भाडं भरतोय आणि घरातलं न्हाणीघर तेवढं आपल्याला नाही.

उंबरठा

चाकावरची यांच्याशी सहमत. मी तीन वर्षांपूर्वी व्हॅनमधून उतरले, आता घरात राहते. पण पुढे सगळं सुखाचं असतं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पहिले तीन आठवडे मला नळ पूर्ण उघडता येईना. ८० लिटरच्या टाकीत आठवडा काढायची सवय, पाणी नुसतं वाहताना पाहिलं की छातीत धस्स व्हायचं. खिडकीबाहेरचं झाड रोज तेच, याचा पाचव्या महिन्यात राग यायला लागला. झाडाचा राग! हसा, पण येतो.

तरी मी का उतरले? घोटा मोडला म्हणून. माझा पलंग वर होता, शिडी चढून जायचं. प्लास्टर घातल्यावर कळलं की मला माझ्याच घरात झोपायला जाता येत नाही. क्लच दाबता येत नाही म्हणजे घर हलवताही येत नाही. सहा आठवडे दुसऱ्यांच्या सोफ्यावर काढले. त्यातच विम्याचे कागद सुरू झाले. त्यांना कायमचा पत्ता हवा होता, आणि गाडीत पूर्णवेळ राहणं हे त्यांच्या फॉर्मच्या कुठल्याच चौकटीत बसेना. तोवर मी पत्ता नसण्याला अभिमानाची गोष्ट समजत होते.

भटका कोल्हा

एक घोटा मोडला म्हणून आयुष्य बदलायचं? जिन्यावरून पडूनही घोटे मोडतात.

उंबरठा

मोडतात. पण तेव्हा जिना पत्ता विचारत नाही.

तेरा नंबर पाना

मी गाड्यांचं काम करतो, भावना दुसरे बघतील. गंजाबद्दल एक सांगतो, कारण दुरुस्ती करून पुढे चालू ठेवायचं असेल तर हे माहीत हवं.

पूर्णवेळ राहत्या गाडीचा पत्रा बऱ्याचदा आतून खातो. बाहेरून दिसतो तोवर वेळ गेलेली असते. झोपेतल्या श्वासाची वाफ असतेच. पण लोक गॅसचं पाणी विसरतात. १ किलो प्रोपेन जळला की १.६ किलोहून जास्त पाणी तयार होतं. धुराडं नसलेल्या शेगडीवर तुम्ही शिजवता, ऊब घेता, ते सगळं पाणी गाडीतच राहतं. खिडक्या पुसून काही होत नाही. ते इन्सुलेशनच्या मागे थंड पत्र्यावर जाऊन बसतं, तिथून ओघळून दाराखालच्या पोकळीत. निचऱ्याची भोकं फोमने बुजलेली असली की मग बघायलाच नको. ताई, स्वतः काम केलंय म्हणालात ना? भोकं बुजवली होती का?

त्यामुळे नुसता खालचा पत्रा बदलून वर तेच इन्सुलेशन ठेवलंत तर काही वर्षांनी पुन्हा याल. नीट करायचं तर कपाटं, पलंग, लाकडी अस्तर, सगळं उतरवावं लागेल. म्हणजे गाडी पुन्हा पहिल्यापासून बांधायची. स्वतःला एवढंच विचारा: ही व्हॅन आज रिकामी समोर आणून ठेवली तर पुन्हा बांधाल का?

चाकावरची

भोकं बुजवली होती. फोमने. मोठ्या प्रेमाने.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस देता आलं नाही, यातच काय ते समजा.

दोन दगड

एवढा काथ्याकूट कशाला? एक छोटी खोली भाड्याने घ्या, व्हॅन खाली उभी ठेवा. वाटेल तेव्हा निघा, वाटेल तेव्हा परत या.

तेरा नंबर पाना

हे सगळेच म्हणतात आणि दोन वर्षांनी गाडी टोचन करून माझ्याकडे आणतात. उभी गाडी आपोआप जपली जाते हा मोठा गैरसमज आहे. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. ब्रेकच्या डिस्क गंजतात. हँडब्रेक ओढून ठेवलात तर चाक धरून बसतं. उंदीर वायरी खातात. नव्या डिझेल गाड्यांत नुसतं दहा मिनिटं इंजिन चालवून बंद केलंत तर काजळीचा फिल्टर तुंबतो, म्हणजे चांगलं करायला जाऊन वाईटच. टायरच्या बाजूवर तारखेचे चार आकडे असतात, आधीचे दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी दिसली तरी रबर म्हातारं होतंच.

दोन्ही ठेवा, माझी ना नाही. पण दोन्हींचा खर्च पडतो आणि दोन्हींची कामं पडतात.

एकदांडी

जमिनीचा छोटा तुकडा घ्यावा आणि त्यावर व्हॅन लावून राहावं. ना भाडं, ना चार वाजताची कटकट.

उंबरठा

मीही याच्या मागे होते. जमीन आपली असली म्हणजे तिच्यावर गाडीत कायम राहता येतं असं नाही. बऱ्याच ठिकाणी नियम आडवे येतात. परवानगी मिळाली तरी पाणी, सांडपाणी आणि वीज आपल्यालाच आणावी लागते. हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की मी सगळ्यात वाईट घर सगळ्यात महागात बांधत होते.

माघारी

मी उलट्या बाजूचा. पाच वर्षं दोघं व्हॅनमध्ये होतो. बायकोला थांबायचं होतं, मला नव्हतं. तिच्यासाठी थांबलो आणि वर्षभर तिला ते पदोपदी जाणवेल याची काळजी घेतली. आता लाज वाटते. चाकावरची, तुम्ही एकट्या आहात हे एका अर्थी बरं आहे. कोणाशी तहाची बोलणी करायची नाहीत.

चाकावरची

माघारी, हे इतकं सरळ लिहिल्याबद्दल आभार. पण एकटीनं ठरवणं सोपं नसतं हो. विरोधी पक्षही मलाच चालवावा लागतो, आणि तो रात्री दोनला सभा बोलावतो.

भटका कोल्हा

सगळे थांबा थांबा करताय म्हणून एक नाव सांगतो. जर्मनीचे गुंथर होल्टोर्फ. १९८९ला मर्सिडीजची जी-वॅगन घेऊन निघाले, गाडीचं नाव 'ओटो'. जवळजवळ ९ लाख किलोमीटर आणि दोनशेहून जास्त देश-प्रदेश. मागच्या भागात गादी टाकून झोपायचे. पन्नाशीत निघालेला माणूस सत्तरी ओलांडेपर्यंत चालवत होता. ५१ला कसलं थांबताय?

उंबरठा

अर्धीच गोष्ट सांगितलीत. बरीच वर्षं त्यांची पत्नी क्रिस्टिने सोबत होती. ती २०१०मध्ये वारली, त्यानंतरही ते चालवत राहिले. आणि २०१४ला थांबले. ओटो कंपनीच्या संग्रहालयात गेली. इतकी वर्षं चाललेल्यालाही शेवटी गाडी कुठेतरी लावावी लागलीच ना?

भटका कोल्हा

त्यांना संग्रहालय मिळालं. आम्हाला भंगारवाला. म्हणून म्हणतो, चालेल तोवर चालवा.

बरं, एक मान्य करतो. 'तेरा नंबर'च्या प्रश्नाने मलाही जरा गार केलं. मी माझी गाडी पुन्हा बांधेन, नक्की बांधेन. पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले नाहीत. तुम्हाला लागले. एवढ्यापुरता मी गप्प बसतो.

चाकावरची

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काय केलं ते सांगते.

वेल्डिंग सध्या करत नाहीये. एक खोली आठ महिन्यांसाठी घेतलीय, तळमजल्यावर (उंबरठा, तुमच्या घोट्याची आठवण ठेवून). व्हॅन मागच्या अंगणात लावायला परवानगी मिळालीय. दोन दगड यांचा सल्ला ऐकला असं वाटेल, पण तसं नाही. तिथे व्हॅन कायमची ठेवायची नाहीये. आठ महिन्यांत मी आपणहून किती रात्री तिच्यात झोपायला जाते, ते वहीत लिहिणार आहे. पावसाच्या आवाजासाठी गेले तर ती रात्र धरायची नाही, कारण तो मोह आहे. मुदत संपली की वही 'तेरा नंबर' यांच्यापुढे ठेवीन, भावना बघणाऱ्यांपुढे नाही.

काल खोलीत पहिला दिवस होता. दुपारचे चार वाजले, नेहमीसारखी उठून उभी राहिले, आणि काय करायचं ते सुचेना. मग भांडी घासली. स्वच्छ होती.

भटका कोल्हा

पावसाची रात्र धरायची नाही? हा सरळसरळ पक्षपात आहे. निषेध!

तेरा नंबर पाना

आठ महिने उभी राहणार असेल तर आज संध्याकाळीच करा. हँडब्रेक सोडा, चाकांना ठोकळे लावा, गिअरमध्ये ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नका, निम्म्यावर आणून मेन स्विच बंद करा. तापमान शून्याखाली गेल्यावर ती चार्ज करायची नसते, त्यामुळे सोलरची तारही काढून ठेवा. पाण्याच्या टाक्या आणि पंप रिकामे करा, नाहीतर गोठून फुटतील. कपाटांची दारं उघडी आणि छताची खिडकी बोटभर फटीवर.

गॅसची टाकी आधी उतरवा. आणि त्या फोमने बुजवलेल्या भोकांत एक जाड तार घालून पाहा, पाणी निघतंय का ते कळवा.