विटकेविचचं 'आई' नाटक मराठीत बसवतोय, आई कशी उभी करू?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी, आमचा बेळगावातला हौशी ग्रुप आहे, पोलिश लेखक विटकेविचचं १९२४ सालचं 'आई' करतोय. म्हातारी विणकाम करून पोराला पोसते, पोरगा लिऑन बसून खातो आणि माणसाचं वेगळेपण कसं वाचवायचं यावर लेक्चर देत सुटतो, आई दारू पिते, मॉर्फिन घेते आणि तुझ्यापायी झिजले झिजले म्हणत त्याला धरून ठेवते. अडचण अशी की तालमीत आई बोलायला लागली की सगळे रडायलाच लागतात आणि नाटक सरळ घरगुती होऊन बसतं. विणकामाच्या जागी कांड्या भरणं, म्हणजे हातमागासाठी सूत कांड्यांवर गुंडाळणं, घेऊ का? आमच्या आज्जीनं वडगावात मागवाल्यांच्या कांड्या भरूनच घर चालवलं, म्हणून डोक्यात आलं.

खानापूरवाला:
घ्या की ओ, आपली गोष्ट वाटेल! फक्त आईला बिचारी करू नका. माझ्या मते पोरगा कमावता झालेला तिला नकोच आहे, तो खातोय तोवर तो तिचा. आणि लिऑनचं लेक्चर कीर्तनासारखं करून बघा. १९७४ च्या 'महानिर्वाण' नाटकात सतीश आळेकरांनी मेलेल्या माणसाला कीर्तन करायला लावलं, लोक हसतात पण तिरडी डोळ्यासमोरून हलत नाही.

टिळकवाडीची:
कीर्तन पटलं, कांड्या नाही पटल्या. कांडी भरली की माग दुसऱ्याच्या घरात, कापड तिथं होतं. विणकाम आईच्या मांडीवर वाढत जातं, ते वाढताना दिसायला पाहिजे. स्टेज सगळं काळंपांढरं ठेवा, रंग फक्त लोकरीला, आणि दुसऱ्या अंकापर्यंत ते विणलेलं लिऑनच्या खुर्चीपर्यंत पोचू दे, तो उठायला गेला की पायात अडकेल, मग रडायचं कुणाला सुचतंय? अजून एक, विटकेविचची स्वतःची आई संगीत शिकवायची, पोलंडमधल्या झाकोपाने गावात पाहुण्यांना खोल्या भाड्यानं द्यायची, आणि हा चित्रकार, पुढं पोटासाठी पैसे घेऊन पोर्ट्रेट काढायचा. कलेसाठी कुणाच्या जिवावर बसायचं हे त्यानं घरातच बघितलेलं, म्हणून आई आणि लिऑन दोघांवर सारखंच चिडून आणि सारखंच जीव लावून करा.

शहापूरकर:
ताई, पायात अडकायचं काल करून बघितलं. आईचं काम करणारी न थांबता विणतच राहिली, वर बघितलंच नाही, आणि पोरगा लोकर सोडवत सोडवत लेक्चर पूर्ण करत होता. तालमीत कुणी रडलं नाही. कांड्या सोडल्या, आज्जीकडनं सुया आणल्यात.