मदत हवी आहे: पायलटच्या मेडिकलला डोळे अडतील का?

अवनी_प
भावाला पायलट व्हायचंय. डोळ्यांना नंबर आहे, पण लेन्स घातल्यावर स्वच्छ दिसतं. मेडिकलला चालेल ना? पुढच्या आठवड्यात फी भरायची आहे, कृपया लवकर सांगा.

निवृत्त_सुभेदार
एनडीएचे डोळ्यांचे निकष फार कडक असतात. विषय सोडा.

किनारपट्टी
काका, त्या एनडीए कुठे म्हणाल्या? अवनी, सिव्हिलच ना? नंबर किती, वय किती, क्लास २ (सुरुवातीचं मेडिकल) झालं का? क्लास १ (त्यापुढचं कडक मेडिकल) शिवाय कमर्शियल, म्हणजे पगारी पायलटचं, लायसन्स नाही. निकाल हातात येईपर्यंत फी भरू नका.

गोंदियाकर
स्कूल कुठलं, बारामती की आमच्याकडचं? पावसाळ्यात फ्लाइंग बंद पडतं, लायसन्सला लागणारे २०० तास रखडतात. ते आधी विचारा.

अवनी_प
सिव्हिलच. वय १९. उजव्याचा सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेचा नंबर) साडेचार, दोन वर्षांत बराच वाढला. मेडिकल अजून नाही.

चष्मेवाला
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. या वयात सिलिंडर असा वाढतोय? लेन्स मऊ की आरजीपी (कडक)? डोळे चोळतो का?

अवनी_प
आरजीपी. अ‍ॅलर्जी आहे, सारखा चोळतो. डॉक्टर केराटोकोनस म्हणाले. पण लेन्सने ६/६ दिसतं, मग अडचण काय?

झटपट
लॅसिक (लेसरने नंबर घालवायचं ऑपरेशन) करून टाका. माझ्या मेव्हण्याचा चष्मा कायमचा गेला.

चष्मेवाला
लॅसिक अजिबात नको! केराटोकोनसमध्ये कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) पातळ होऊन पुढे येत असतो, लॅसिकने तो आणखी पातळ होईल. वाढ थांबवायला सी३आर (थेंब आणि अतिनील किरणांनी कॉर्निया कडक करणं) करतात, त्याने नंबर जात नाही.
आता मेडिकल. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) निकषात क्लास १ ला प्रत्येक डोळ्याने ६/९ (सामान्य नजरेला ९ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) आणि दोन्ही मिळून ६/६ लागतं. चष्मा किंवा लेन्स चालते, पण लेन्सवाल्याला जोडीला चष्मा जवळ ठेवावाच लागतो. खरी मेख इथेच आहे. आरजीपीखाली अश्रूंचा थर कॉर्नियाचा खडबडीतपणा भरून काढतो, चष्म्याच्या काचेला ते जमत नाही. चष्म्यावर किती दिसतं?

झटपट
केराटोकोनस सांगायचंच कशाला? लेन्स घालून बसायचं.

किनारपट्टी
भलता सल्ला देऊ नका. स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायचा सूक्ष्मदर्शक) लेन्सही दिसते आणि कॉर्नियाही. फॉर्मवर खोटं लिहिलं तर पुढे मिळालेलं लायसन्सही जाईल.

निवृत्त_सुभेदार
एटीसीत (विमानांचं हवाई वाहतूक नियंत्रण) जाऊ दे त्याला.

किनारपट्टी
काका, तिथेही क्लास ३ मेडिकल असतं, डोळे तपासतातच.

अवनी_प
आत्ता त्याला विचारलं. चष्म्यावर डावा ६/९, उजवा ६/१८. खालच्या ओळीतले ई आणि एफ त्याला सारखेच दिसतात, अक्षराला सावली येते म्हणतो.

चष्मेवाला
मग उजवा आज निकषात बसत नाही. फी थांबवा. कॉर्निया तज्ज्ञाकडून टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा) करून घ्या, आरजीपी किती दिवस आधी काढायची तेही त्यांनाच विचारा. जुने रिपोर्ट फेकून देऊ नका, वाढ चालू आहे की थांबली हे तुलनेतूनच कळतं. मग सगळे कागद घेऊन क्लास १ करणाऱ्या डॉक्टरांना भेटा. आणि चोळणं आजपासून बंद.

अवनी_प
बाबांना फी थांबवायला सांगितलं. तो जेवला नाहीये. पुण्यात कॉर्नियाचं कोण चांगलं आहे? व्यनि केलात तरी चालेल.

गोंदियाकर
बुकिंगचे पैसे दिलेत का? परत मिळतील का ते लेखी घ्या.