शब्दचर्चा : कळ, मुरडा, गोळा, तडस... पोटात नेमकं कसं दुखतं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून मुंबईतल्या एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला लागले, त्याला चार महिने झाले. पोटदुखीचा पेशंट आला की पहिली विचारपूस आणि पहिला हात माझा असतो. हा बाकड्यावर थांबू शकेल की सर्जरीवाल्यांना आत्ताच उठवायचं, एवढं मला ठरवायचं असतं. शिकले सगळं इंग्रजीतून. पेशंटला मात्र मराठीत दुखतं.

धागा काढायचं कारण सांगते. पहिल्याच महिन्यात एक तरुण आला. म्हणाला, ‘सिस्टर, पोटात गोळा येतो, इकडून तिकडे फिरतो, गुडगुडतो आणि मग जिरतो.’ मी केसपेपरवर लिहिलं ‘गॅसेस’. आमच्या मोठ्या सिस्टरांनी कागद पाहिला आणि त्याला पुन्हा बसवून विचारलं. तीन महिन्यांत पँट सैल झालेली, संध्याकाळी कणकण. पुढे निदान आलं आतड्याच्या टीबीचं. आतडं एका जागी अरुंद झालं की मागे वारा आणि अन्न तुंबतं, आतडं ते पुढे रेटू पाहतं, पोटावर गोळा उठतो, आणि वाट मिळाली की गुडगुड करून नाहीसा होतो. त्या मुलाने हे अक्षरशः सांगितलं होतं. मीच ते पुसून ‘गॅसेस’ केलं.

तर तुमच्या घरात, गावात, चाळीत पोटदुखीला कोणते शब्द आहेत आणि कोणता शब्द नेमका कशाला, तेवढं सांगा.

शब्दखुळा

छान विषय. सुरुवात विभक्तीपासून करतो, रागावू नका. ‘पोट दुखतं’ आणि ‘पोटात दुखतं’ हे एक नाही. हसून हसून *पोट* दुखतं, दंडबैठका काढून *पोट* दुखतं. बिघडलेलं खाल्लं की *पोटात* दुखतं. दुसऱ्याला बढती मिळाली की आपल्या *पोटात* दुखतं, तिथे ‘पोट दुखतं’ कोणी म्हणत नाही. मत्सराला आपण पोटशूळही म्हणतो, तो उठतो. म्हणजे पहिलं बाहेरचं, स्नायूचं, आणि दुसरं आतलं. वैद्यकात याला काही अर्थ आहे का?

रात्रपाळी

आहे की! भिंतीचं दुखणं आणि आतलं दुखणं वेगळं काढायला आम्ही पेशंटला उताणं झोपवून दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो आणि डोकं उचलायला सांगतो. पोटाचे स्नायू ताठले की आतलं दुखणं बहुधा झाकलं जातं, भिंतीचं तसंच राहतं किंवा वाढतं. पण विभक्तीवर भरवसा ठेवायची हिंमत नाही. इथे हिंदीच्या शेजारामुळे सगळेच ‘पोट दुखतंय’ म्हणायला लागलेत.

लालबागकर

आमच्याकडे आजीचे शब्द पक्के होते. जास्त जेवलो की ‘तडस लागली’. पोट ढोलासारखं झालं की ‘डब्ब झालं’ किंवा ‘गुबारा धरला’. शौचाला धावावं लागणारं, पिळवटून येणारं दुखणं म्हणजे ‘मुरडा’. करंजीच्या कडेला मुरड घालतो ना, तसं आतडं कोणी मुरडतंय असं. आणि बाळाच्या घुटीत उगाळायची ती मुरडशेंग, ती दिसतेच पिळलेल्या दोरीसारखी. शेंग पिळलेली म्हणून ती पोटातल्या पिळावर, असा जुन्या लोकांचा हिशोब असावा.

निवृत्त मेट्रन

बाळ, तुझी चूक मीही केली आहे, पस्तीस वर्षं नोकरीत होते. आता ऐक.

‘कळ’ हा शब्द सोडू नकोस. कळ येते आणि जाते. बाळंतपणाच्याही कळाच. कोणी ‘कळ येते’ म्हणालं की एखादी पोकळ नळी आपल्यातलं काही पुढे ढकलू बघतेय असं धर: आतडं, मूत्रनलिका, गर्भाशय. ‘सारखं दुखतंय’, ‘एकसारखं दुखतंय’ म्हणालं तर दुसरा विचार कर. आणि ‘राहून राहून दुखतं’ म्हणजे सतत नव्हे बरं का, अधूनमधून. आमच्या एका परप्रांतीय डॉक्टरांनी ‘राहून’ ऐकून ‘दुखणं राहतं’ असा अर्थ लावला होता.

पण शब्दाच्याही आधी पेशंटकडे बघ. मूतखड्याचा माणूस तळमळतो, गडबडा लोळतो, उठतो, बसतो, त्याला कुठलीच कूस सोसत नाही. ज्याच्या पोटात फुटलंय, पू पसरलाय, तो हलत नाही. पाय पोटाशी घेऊन निपचित पडतो, श्वासही वरवर घेतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात आणि निपचित माणूस ‘शांत आहे’ म्हणून मागे राहतो. त्याच्याकडे आधी जा.

चहाबाज

मेट्रनबाईंना सलाम. माझा प्रश्न साधा आहे. दहापैकी किती दुखतंय, हे विचारणं मराठी माणसाला झेपतं का? माझ्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, ‘सोळा आणे दुखतंय.’

रात्रपाळी

नाही झेपत! मला परवा ‘दहापैकी बारा’ मिळाले. आकडा लिहावा लागतो, लिहिते. पण त्यापेक्षा ‘रिक्षा खड्ड्यातून जाताना काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं. अपेंडिक्स सुजून पोटाच्या अस्तरापर्यंत आलं असेल तर प्रत्येक धक्का जाणवतो. मुंबईच्या रस्त्यांनी निदान एवढं तरी आमच्यासाठी करून ठेवलंय.

अपेंडिक्सच्या दुखण्याची गोष्ट बहुतेक वेळा ठरलेली असते, पण ती पेशंटकडून काढून घ्यावी लागते. आधी बेंबीभोवती, नीट सांगता न येणारं. मग काही तासांनी उजवीकडे, खाली. ‘आधी कुठे होतं आणि आता कुठे गेलं?’ असं विचारलं तरच सांगतात, नाहीतर फक्त आत्ताची जागा दाखवतात. मी एका बोटाने दाखवायला सांगते. आतल्या अवयवाचं दुखणं असलं की बोट निघत नाही, अख्खा तळवा पोटावर फिरतो. अस्तरापर्यंत आलं की बोट बरोबर टेकतं.

शब्दखुळा

जागांच्या नावांवर एक गंमत. ‘ओटीपोट’ हा शब्द पाहा. ओटी म्हणजे कमरेशी पदराचा किंवा धोतराचा खोळा. नारळ-तांदळाने ओटी भरतात ती हीच. ओटी जिथे येते ते ओटीपोट. त्याच्या बाजूला ‘कूस’, खाली ‘जांघ’. पुस्तकी ‘अधोदर’पेक्षा हे कितीतरी स्वच्छ. मात्र ‘काळीज’ जपून वापरा. खाटकाकडे काळीज म्हणजे यकृत, कवितेत हृदय. एखाद्याने ‘काळजात दुखतंय’ म्हटलं तर कुठे हात ठेवणार?

रात्रपाळी

दोन्हीकडे. आणि ‘पिशवी’चं काय करायचं? ‘माझी पिशवी काढलीय’ म्हणजे गर्भाशय, हे बायकांच्या तोंडी ठरलेलं. पण एका काकांनीही ‘पिशवीचं ऑपरेशन झालंय’ सांगितलं. पित्ताची, लघवीची की कुठली, हे पोटावरचा व्रण बघून कळलं.

‘पित्त’ तर कहरच. अंगावर पित्त उठतं ते वेगळं. सकाळी आंबट-कडू पाणी घशाशी येतं ते पित्त. डोकं चढलं तरी पित्त. आणि पित्ताशयातला खडा, तोही पित्ताचाच. आता मी ‘पित्त झालंय’ एवढ्यावर थांबत नाही. काय होतं ते करून दाखवायला सांगते.

कोकणातली

बायकांच्या बाबतीत लिहू का? आमच्या आईने कधी डॉक्टरांसमोर ‘पाळी’ हा शब्द उच्चारला नाही. ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’, आणि मुंबईत आल्यावर ‘एमसी’. तुम्ही ‘शेवटची पाळी कधी आली’ विचारलंत आणि शेजारी सासू उभी असली, तर खरं उत्तर मिळणार नाही.

आणखी एक. ‘अंगावर काढलं’ म्हणजे दुखणं सोसलं, औषध घेतलं नाही. ‘अंगावरून जातंय’ म्हणजे रक्त किंवा पांढरं जातंय. नव्या पोरी गोंधळतात.

निवृत्त मेट्रन

अगदी बरोबर. आणि ‘दिवस गेलेत का?’ असं पोटदुखीच्या बाईला विचारू नकोस. ‘हो, चार दिवस गेले दुखून’ असं उत्तर मला मिळालेलं आहे. सरळ ‘पोटात बाळ असण्याची शक्यता आहे का?’ असं, एकटीला, पडद्याआड विचार. तिने नाही म्हटलं तरी लघवीची तपासणी करायचीच. वय मूल होण्याचं आणि ओटीपोटात दुखतंय, म्हणजे गर्भ नळीत तर नाही ना, हे आधी पाहायचं. नळी फुटली तर रक्त आतल्या आत जातं, बाहेर थेंबही दिसेलच असं नाही. कधी ती बाई खांदा दुखतो म्हणते.

चहाबाज

पोटात रक्त आणि खांदा दुखतो? ही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

रात्रपाळी

अगदी तशीच. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला खालून रक्ताची नाहीतर पूची झळ लागली की मेंदूला ती खांद्याची वाटते. दोन्हीकडच्या संवेदना मणक्यात एकाच मजल्यावर पोचतात.

लाजेवरून आठवलं. तरुण मुलगे ‘ओटीपोटात दुखतंय’ म्हणतात आणि त्यापुढे बोलत नाहीत. दुखणं वृषणाचं असतं, पण कोणता शब्द वापरावा तेच कळत नाही. ‘अंडकोष’ म्हटलं की बिचारा खाली बघतो. मी ‘खालच्या गोळ्या’ म्हणते, शब्द ओबडधोबड आहे पण चालतो. वृषणाला पीळ बसला असेल तर हातात साधारण सहा तास असतात, म्हणून संकोच मीच आधी मोडते. तपासायला ब्रदरना किंवा डॉक्टरांना बोलावते, पण विचारल्याशिवाय सोडत नाही.

लालबागकर

सिस्टर, मग तो दुसरा प्रश्न कसा विचारता? वाऱ्याचा?

रात्रपाळी

हाहा. पहिल्या आठवड्यात मी ‘अपानवायू सरतो का?’ विचारलं. आजोबा म्हणाले, ‘कोण?’ मग ‘गॅस पास होतो का?’ विचारलं, त्यावर ते म्हणाले सिलिंडर नाही, पाइपलाइन आहे. शेवटी मागून वॉर्डातल्या मावशी ओरडल्या, ‘आजोबा, पादता का?’ उत्तर लगेच आलं: ‘कालपासून नाही.’ शौच नाही, वाराही नाही, पोट फुगलेलं, उलट्या. आतडं अडलं होतं. आता मी ‘वारा सरतो का?’ विचारते, नाही कळलं तर मावशींचा शब्द.

उलटीचंही तसंच. पुस्तकात ‘कॉफीच्या चुऱ्यासारखी’ असते. आमच्या पेशंटांच्या घरी कॉफी असलीच तर पाण्यात विरघळणारी. मी ‘चहाच्या चोथ्यासारखी काळपट होती का?’ विचारते. शौचाला ‘डांबरासारखी काळी, चिकट’. हो म्हणाले तर लोहाच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारायचं, त्यानेही काळी होते. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या? त्या पोटाच्या आत जखम करतात, पण लोक त्यांना औषधात मोजतच नाहीत.

शब्दखुळा

शेजारच्या भाषांचंही लिहा ना. मुंबईत सगळे मराठीच थोडे बोलतात?

रात्रपाळी

गुजराती मावशी म्हणतात ‘पेटमां चूंक आवे छे’. मी पहिल्यांदा ‘चूक’ ऐकलं आणि विचारलं, ‘काय चूक झाली?’ चूंक म्हणजे कळ, मुरडा. हिंदीत ‘मरोड’, तो आपल्या मुरड्याचा भाऊच. सिंधुदुर्गाकडचे ‘पोटात दुखता’ म्हणतात, तिथे अडचण नाही.

पावसाळ्यात मात्र शब्द कुठलाही असो, ताप विचारायचाच. डेंगीत ताप उतरायला लागला आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखायला लागलं, तर ते बरं होण्याचं नव्हे, धोक्याचं लक्षण असतं. घरचे म्हणतात, ‘ताप गेला, आता फक्त पोट दुखतंय.’ हे ‘फक्त’ मला रात्री झोपू देत नाही.

कोकणातली

एक शब्द राहिला: ‘हुळहुळणं’. माझ्या मामांचं पोट एका बाजूला पट्ट्यासारखं हुळहुळत होतं, बनियन लागलं तरी आग. सोनोग्राफी झाली, काही नाही. चौथ्या दिवशी पुरळ उठलं. नागीण.

रात्रपाळी

हे वहीत लिहून घेतलं. पुरळाआधी नागीण दुखते हे माहीत होतं, ‘हुळहुळणं’ हा शब्द तिच्याशी जोडला नव्हता. आता केसपेपरवर मी पहिल्या ओळीत पेशंटचा शब्द देवनागरीत लिहिते, अवतरणात, आणि मग खाली आमची इंग्रजी. एक-दोन डॉक्टर हसले. एकाने परवा विचारलं, ‘तडस म्हणजे काय?’

आता एक नवा. काल एक टॅक्सीवाले काका आले. पोटाच्या वर, बरगड्या मिळतात तिथे मूठ ठेवून म्हणाले, ‘दुखत नाही हो सिस्टर, नुसतं भरून आल्यासारखं वाटतंय. गॅस असेल.’ भरून येणं म्हणजे आभाळ, डोळे, ऊर. पोटासाठी कोणी वापरतं का हा शब्द?

निवृत्त मेट्रन

घाम होता? ईसीजी काढलास?

रात्रपाळी

घाम होता. ईसीजी आधी काढला, धाग्यावर नंतर आले. काका वर आयसीयूत आहेत.